सोलापूरकराला उजेडाचं औषध

सोलापूरच्या माणसाला ऊन कमी पडलं म्हणून आजार झाला, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. "तेवीस वर्षं ऊन खाल्लंस," ती म्हणायची, "तेवढं माणसाला तीन जन्म पुरतं." तिचं म्हणणं खोडून काढणं अवघड होतं. आमच्याकडे मार्च लागला की सकाळी दहालाच खिडक्या लागायच्या, पडदे ओले करून सोडले जायचे, आणि दुपारी बाहेर पडणाऱ्याच्या खिशात आई कांदा कोंबायची. ऊन ही टाळायची गोष्ट होती आणि ती टाळण्यात मी पटाईत होतो. सावलीसावलीने घरापासून कॉलेजपर्यंत कसं जायचं, याचा नकाशा माझ्या डोक्यात तयार होता. अशा माणसाला दक्षिण गोलार्धातल्या पामर्स्टन नॉर्थ गावातल्या एका बाईंनी सांगितलं, की रोज सकाळी अर्धा तास उजेडासमोर बसा, तेव्हा मला आधी त्यांच्याबद्दलच शंका आली.

मी तिथे दूध प्रक्रियेचा अभ्यास करायला गेलो होतो आणि विलासकाकांकडे राहत होतो. विलासकाका म्हणजे बाबांच्या मित्राचे धाकटे भाऊ, मूळचे सटाण्याचे. एका संशोधन संस्थेत माती तपासण्याचं काम करायचे. काकू, म्हणजे मंगलकाकू, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात होत्या. त्यांची मुलगी इरा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण ती उत्तर इंग्रजीतच द्यायची. रागवली की तेवढं मराठीत बोलायची, त्यामुळे घरात तिचं मराठी ऐकू आलं की सगळे सावध व्हायचे. घरामागच्या अंगणात एक लाकडी खोली होती, तिला तिकडे स्लीपआउट म्हणतात. ती माझी. खोलीला दोन खिडक्या होत्या. मी मोठ्या ऐटीत दक्षिणेकडच्या खिडकीशी पलंग लावला, कारण आपल्याकडे थंडीत दक्षिणेकडून ऊन येतं. तिथे सूर्य उत्तरेकडून जातो, हे मी शाळेत भूगोलात शिकलो होतो. पलंग लावताना ते आठवलं नाही.

पहिल्याच आठवड्यात काका म्हणाले, "अभय, डेअरीतून ब्रेड आण." मी डेअरीचाच विद्यार्थी. शहराबाहेरच्या दूध कारखान्यात ब्रेड कसा मिळेल, तिथे आत सोडतील का, ओळखपत्र लागेल का, असं सगळं मी त्यांना गंभीरपणे विचारलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला तिकडे डेअरी म्हणतात हे कळेपर्यंत काका सोफ्यावर आडवे होऊन हसत होते. हे मुद्दाम सांगतो, कारण विलासकाका हसायचे, खूप हसायचे, पण मार्च-एप्रिलपर्यंत. मे संपता संपता त्या घरावर एक नियम लागू व्हायचा. तो कुणी लिहिलेला नव्हता, पण काकू आणि इरा दोघी तो पाळायच्या. काकांना विचारायची कुठलीही महत्त्वाची गोष्ट सप्टेंबरात विचारायची. शाळेचा कॅम्प, नवा सोफा, काकूंच्या बहिणीचं येणं, सगळं सप्टेंबर. मी एकदा जूनमध्ये अंगणात दोरी बांधू का असं विचारायला निघालो, तर काकूंनी मला स्वयंपाकघरातच अडवलं. "दोरी ना? सप्टेंबरात विचार." मला वाटलं, दोरी बांधायचाही तिकडे हंगाम असावा.

त्या घरातला हिवाळा मला सगळ्यात जास्त आवाजांनी आठवतो. पत्र्यावर वारा आदळायचा, आणि पामर्स्टन नॉर्थचा वारा दमत नाही. हवेतली ओल शोषून घेणारं एक यंत्र हॉलमध्ये दिवसभर घुरघुरायचं, आणि त्यातलं पाणी काकू रोज इतक्या समाधानाने मोरीत ओतायच्या, जणू घराची सगळी पीडा टाकून आल्या. कपडे वाळायचे नाहीत. सोलापुरात दहा मिनिटांत कडक होणारी बनियन तिथे चौथ्या दिवशीही विचार करत असायची. पण जेवण मात्र घरचं होतं. मी आणलेली शेंगांची चटणी, काकूंची बाजरीची भाकरी, वर लोणी. या जेवणानेच माझा आजार पहिल्यांदा उघडा पाडला, कारण मी दोनच्या जागी पाच भाकऱ्या खायला लागलो.

पाच भाकऱ्या खायच्या आणि झोपायचं, हा माझा जून. सकाळी साडेसातलाही अंधार, संध्याकाळी पाचला अंधार, मधल्या वेळात राखाडी. मी दहा तास झोपायचो, मग बारा. आंघोळ एक दिवसाआड झाली, मग आठवड्याची झाली. दुःख असं काही नव्हतं. दुःख असतं तर सांगता तरी आलं असतं. काहीच वाटायचं नाही. चटणी तिखट आहे हेसुद्धा लक्षात यायचं नाही, आणि सोलापूरच्या माणसाची ही शेवटची अवस्था समजावी. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "सुजलायस का रे?" मी म्हटलं थंडी आहे. "जूनमध्ये कसली थंडी?" असं म्हणून तिने मी प्रेमात पडलोय असं ठरवलं आणि मुलगी कोण, हे काढून घ्यायला मंगलकाकूंना फोन लावला. काकूंनी माझी दृष्ट काढली. मिरच्या ओवाळून टाकल्यावर घरातला धुराचा अलार्म वाजला आणि शेजारचे ग्रॅहम आजोबा बादली घेऊन धावत आले. मला त्याचंही हसू आलं नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो. परत जायच्या तिकिटाचं पान माझ्या लॅपटॉपवर तेव्हापासून उघडंच राहू लागलं.

मग चीजचा प्रसंग घडला. प्रयोगशाळेत चीजच्या टाकीसमोर बसून दर पंधरा मिनिटांनी आम्लतेची नोंद करायची होती. मी बसलो, पेन उघडलं, आणि दोन तास तसाच टाकीकडे बघत राहिलो. वहीत एक आकडा नाही. टाकीतलं सगळं आंबून गेलं. माझ्या प्राध्यापक बाई आल्या, टाकीत बघितलं, वहीत बघितलं, आणि ओरडायच्या ऐवजी विचारलं, "तू ठीक आहेस ना?" मी सवयीने तिकडचं 'एकदम मस्त' म्हणालो, "स्वीट ॲज." आणि रडायला लागलो. आंबलेल्या दुधाच्या वासात, डोक्यावर केसांची जाळीदार टोपी घालून मी पाच मिनिटं रडलो. त्यांनी जाळी काढायला सांगितली आणि विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या समुपदेशकाकडे स्वतः सोडून आल्या.

समुपदेशक म्हणजे लिंडा. पन्नाशीची, धिप्पाड, पायात विणलेले मोजे, हातात बादलीएवढा चहाचा मग. तिने विचारलं, "कसा आहेस?" मी म्हणालो, "मजेत. तुम्ही?" ती म्हणाली, "मीही बरी." मग ती गप्प बसली. घरी आलेल्या माणसाला गप्प बसू देणं आमच्यात असभ्य समजतात. इथे पाहुणा मी होतो, पण गप्प तीच होती. म्हणून मी तिला मुलंबाळं किती, घर कुठे, गाव कुठलं असं विचारत राहिलो. पहिल्या भेटीत मला तिच्या तिन्ही मुलांची शिक्षणं कळली. दुसऱ्या भेटीत तिने एक प्रश्नपत्रिका दिली: गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला अमुक किती वेळा वाटलं, शून्य ते तीन गुण. मी लहानपणापासून पेपर पाहिला की पैकीच्या पैकी मिळवायच्या मागे लागणारा. शेवटी बेरीज खूप आली तेव्हा मला त्या महिन्यातला पहिला आनंद झाला. लिंडाने बेरीज पाहिली आणि हातातला मग खाली ठेवला. तिला मग खाली ठेवताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"काय होतं ते तुझ्या भाषेत सांग," ती म्हणाली. मी म्हटलं, "मन लागत नाही." तिने अर्थ विचारला. मी इंग्रजीत सांगायला गेलो आणि अडकलो. कुठे लागत नाही? कशाला लागत नाही? मन काय भिंतीला लावायचं असतं? मी बोलत गेलो, आणि घड्याळाकडे पाहिलं तर वेळ संपली होती. आजाराचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. त्याच्या आद्याक्षरांचं लघुरूप 'सॅड' असं होतं. नाव ठेवणाऱ्याने फारसे कष्ट घेतले नव्हते. हिवाळ्यात उजेड कमी पडतो आणि काही माणसांचं आतलं घड्याळ बिघडतं, असं तिने समजावलं. दर मंगळवारी बोलायला यायचं, रोज घराबाहेर पडायचं, आणि उठल्यावर अर्धा तास एका खास दिव्यासमोर बसायचं. दिवा दवाखान्याने महिनाभर वापरायला दिला. वहीएवढा चपटा, पांढराशुभ्र, लावला की खोलीत सोलापूरचा एप्रिल.

हे सगळं मी घरात लपवलं. आज कुणी सहज सांगतं, मंगळवारी मला थेरपी आहे, तेव्हा मला त्या लपवाछपवीचं हसू येतं. पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच साखळी होती. काकांना कळलं की त्यांच्या भावाला, भावाकडून बाबांना, आणि बाबांकडून आमच्या गल्लीला. 'पोरगं शिकायला गेलं आणि डोक्यावर परिणाम झाला.' मग तिकीट काढायचीही गरज पडणार नव्हती, बाबाच न्यायला आले असते. म्हणून मी मंगळवारी लायब्ररीत जातो असं सांगायचो आणि सकाळी सातला, बाहेर गच्च अंधार असताना, पडदे घट्ट ओढून दिवा लावायचो. पडदे पातळ होते, याकडे माझं लक्ष गेलं नाही. अंगणात ती खोली कंदिलासारखी पेटलेली दिसायची.

ते ग्रॅहम आजोबांनी पाहिलं. ग्रॅहम म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले, गवतावर पांढरं हिव पडलेलं असतानाही हाफपँट आणि गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत फिरणारे गृहस्थ. बुधवारी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना त्यांनी काकांना गाठलं आणि, आपला काही संबंध नाही, पण तो मुलगा आत टोमॅटो लावतो का, असं विचारलं. काकांनी माती या विषयावर त्यांचं पंधरा मिनिटं बौद्धिक घेतलं. जुलैत टोमॅटो येतच नाहीत, इथल्या मातीत तर नाहीच नाही. ग्रॅहम मान हलवत ऐकत राहिले आणि "फेअर इनफ" म्हणून निघून गेले. रात्री जेवताना काकांनी ही गंमत सांगितली. गंमत सांगताना ते हसत नव्हते, जुलै होता. इराने काटा खाली ठेवला.

"बाबा, ही डझंट मीन टोमॅटोज."

"मग?"

"लाइट्स. कर्टन्स क्लोज्ड. बाबा, ही थिंक्स दादा इज ग्रोइंग वीड."

काकूंना कळलं नाही. इराने वैतागून मराठीत सांगितलं, "आई, गांजा." आणि ती मराठीत बोलल्यामुळे टेबलावर सगळे एकदम सावध झाले. मी त्या रात्री विद्यापीठात होतो. हे सगळं मला नंतर इराने, अर्थातच इंग्रजीत, दोन डॉलरच्या चॉकलेटच्या बदल्यात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारावर थाप पडली. मी दार उघडलं. दारात विलासकाका, अंगात स्वेटर, खाली पायजमा, आणि पायात घाईत घातलेल्या जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. त्यांची बोटं हिवात निळी पडली होती. मागे कुंपणापलीकडून ग्रॅहम, काठावर हात ठेवून. काका आत शिरले. त्यांनी पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं, आणि मग दिव्यासमोरची माझी बैठक पाहिली. खुर्ची, तिच्यावर माझी शाल, बाजूला पोह्यांची बशी आणि शेंगांच्या चटणीची बाटली. मी स्वतः कानटोपीत.

"रोपं कुठायत?" काकांनी विचारलं.

"कसली रोपं?"

"अभय, मी इथल्या मंडळाचा अध्यक्ष आहे. पुढच्या महिन्यात गणपती बसायचेत. खरं सांग."

गांजा की वेड, दोन्हींतलं एक कबूल करणं भाग होतं. मी एक क्षणभर गांजाचाच विचार केला, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. पण रोपं दाखवता आली नसती. म्हणून मी सगळं सांगितलं. झोप, चीज, लिंडा, मंगळवार, तिकिटाचं उघडं पान. काका उभेच होते. दिव्याचा प्रकाश त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता आणि इतक्या लख्ख उजेडात मी त्यांना महिन्याभरात प्रथमच बघत होतो. ते फार थकलेले दिसत होते.

"म्हणजे रडू येतं?" त्यांनी विचारलं.

"एकदाच आलं. एरवी काहीच येत नाही."

काका दिव्याकडे बघायला लागले. बोलले ते कुंपणावरून ग्रॅहम. "ओह, तो दिवा? आमच्या बायकोकडे होता तसला. पार दक्षिणेला राहायचो ना आम्ही, तिकडे हिवाळा आणखी काळोखा. फार गुणाचा." आणि आपण आणलेली बातमी निकामी ठरल्याचं जराही वाईट न वाटता ते कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेले. मी काकांना म्हणालो, "सोलापूरला सांगू नका, मीच सांगेन कधीतरी." ते म्हणाले, "मी काय वर्तमानपत्र आहे?" आणि जँडल्स फटफटवत घरात गेले.

तीन दिवसांनी पुन्हा थाप. सातलाच. "तुझ्या खोलीतली इंटरनेटची केबल बघायची होती," काका म्हणाले. खोलीत केबल नव्हती, वायफाय होतं, आणि ते त्यांनीच बसवलं होतं. ते पलंगाच्या कडेला, दिव्याच्या बाजूने बसले आणि अर्धा तास केबल नसलेल्या भिंतीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ते मातीचा एक अहवाल घेऊन आले. "इथे वाचायला उजेड बरा पडतो." चौथ्या दिवसापासून कारण सांगायचं बंद झालं. काकू दोन कप चहा पाठवू लागल्या. चहा घेऊन इरा यायची. एकदा तिने दारातून आम्हा दोघांना शेजारी शेजारी, दोन कानटोप्यांत बसलेलं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, यू नो यू आर डुइंग थेरपी, राइट?"

"मी दादाला कंपनी देतोय," काका म्हणाले.

"हीप्स ऑफ कंपनी," असं म्हणून ती कप ठेवून गेली.

त्या दिवशी काका पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलले. दिव्याकडे बघत, माझ्याकडे न बघता. ते म्हणाले, की हिवाळ्यात ते ऑफिसातून साडेपाचला घरी येतात, पण घरात सहाला शिरतात. मधला अर्धा तास गॅरेजमध्ये गाडी बंद करून बसतात. गाणी ऐकतो असं मंगलला सांगितलंय. रेडिओ लावलेला नसतो. "दरवाजा उघडून आत जायचं, एवढंच असतं," ते म्हणाले. "तेवढंही होत नाही." हे किती वर्षं चाललंय, असं मी विचारलं. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, एक हात संपला, दुसरा सुरू झाला, मग त्यांनी मोजणं सोडून चहा प्यायला. सप्टेंबरच्या नियमाचा अर्थ मला तेव्हा लागला. मायलेकींनी त्या माणसाचा हिवाळा ओळखून त्याभोवतीने घर चालवलं होतं, आणि तिघांपैकी कुणीही त्याला कधी नाव दिलं नव्हतं. ते माझे सख्खे काका नव्हते, पण त्या सकाळी मला पहिल्यांदा कुणाबद्दल तरी काहीतरी वाटलं. खूप वाटलं. लिंडाला सांगितलं तर तिने हातातला मग खाली ठेवला.

मी बरा होत होतो. चटणी तिखट लागू लागली. काकांना मी लिंडाकडे पाठवू शकत नव्हतो, ती फक्त विद्यार्थ्यांसाठी होती; म्हणून त्यांच्या डॉक्टरांकडे जा, असं रोज सातला सांगत राहिलो. "जाऊन काय सांगू?" ते विचारायचे. "मला काय झालंय? नोकरी आहे, घर आहे, पोरगी हुशार आहे. सांगण्यासारखं काहीच नाही माझ्याकडे." शेवटी ऑगस्टात ते गेले, आणि डॉक्टरांनी गावातल्या एका समुपदेशक बाईंची वेळ घेऊन दिली. भेटीच्या दिवशी सकाळी काकूंना काका म्हणाले, "टायर बघून येतो, अभयला नेतोय बरोबर." काकूंनी त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, टायर बघायला कुणी असा शर्ट घालत नाही, आणि म्हणाल्या, "सावकाश या."

तिथे पोचल्यावर काका गाडीतून उतरेनात. दहा मिनिटं सीटबेल्ट धरून बसले. लिंडाकडून मी गप्प बसणं शिकलो होतो, तेच केलं. एकदा त्यांनी बेल्ट काढला, परत लावला. "ती मला विचारेल, कसे आहात," ते म्हणाले. "मग?" मी म्हटलं. "मी मजेत म्हणेन. तोंडातून तेच निघतं." मी सांगितलं, की मीही तेच म्हणालो होतो, आणि त्यांना त्याची सवय असते. मग ते उतरले, शर्ट खाली ओढला, आणि मागे न बघता आत गेले.

मी गाडीत थांबलो. समोर डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या. मला भीती होती की ते पाच मिनिटांत बाहेर येतील. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. पाऊण तासाने मला वेगळीच भीती वाटू लागली. जवळजवळ एका तासाने काका बाहेर आले. चेहरा लाल, केस विस्कटलेले, शर्ट एका बाजूने बाहेर. गाडीत बसले, किल्ली लावली, आणि फिरवलीच नाही.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"ती कुठे काय म्हणाली," विलासकाका म्हणाले. "मीच बोलत होतो. लहानपणापासून सांगा म्हणाली, तर तिसरीपर्यंतच पोचलो. पुढच्या आठवड्यात चौथी घेणार आहे."

मग घरापर्यंतच्या वाटेवर त्यांनी मला पहिली, दुसरी आणि तिसरी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. शिवाय दोन सिग्नल चुकवले.